बुधवारची सुट्टी टाक आणि पातेलं घेऊन जा

अरे बाबा,

परवा टपरीवर तू म्हणालास की सर, नाशकात बघण्यासारखं आहे काय, पंचवटी झाली, एखादी वायनरी झाली की संपलं, म्हणून लाँग वीकेंडला गोव्याचं बुकिंग केलंय. मी तेव्हा काही बोललो नाही कारण वडापाव गरम होता. पण घरी आल्यावर डोक्यात तेच. तुला इंदिरानगरला येऊन चार वर्षं झाली आणि शालिमारच्या पुढं तू फक्त दोनदा गेलायस, एकदा पाहुण्यांना रामकुंड दाखवायला आणि एकदा सोनं घ्यायला. म्हणून हे लिहितोय, लांबलं तर सहन कर, रिटायर माणसाला वेळ असतो.

गोवा कर, माझं काही म्हणणं नाही. पण त्याच्या आधी एक बुधवार जुन्या नाशकाला दे. बुधवारच, कारण त्या दिवशी गंगेवर बाजार भरतो. आणि हो, तिथं गेल्यावर गोदावरी म्हणू नकोस, जुना नाशिककर गंगाच म्हणतो, "गंगेवर जाऊन येतो" म्हणाला की समजायचं. सकाळी लवकर निघ, बाइक घरी ठेव, सिटीलिंकने शालिमारला उतर आणि तिथून पायी. त्या गल्ल्यांत बाइक घातलीस तर दिवसभर बाइकच सांभाळत बसशील.

आता मुख्य गोष्ट. बघायला म्हणून जाऊ नकोस, काहीतरी काम घेऊन जा. हे मला कसं कळलं ते सांगतो. बरीच वर्षं झाली, मी नवीन कॅमेरा घेतला होता आणि तिवंध्याकडच्या एका वाड्याचा दिंडी दरवाजा मला फार आवडला, मी समोर उभा राहून फोटोवर फोटो. आतनं एक आजी आल्या, कमरेवर हात, आणि म्हणाल्या, "काय, पाडायला आलात का?" त्यांना वाटलं मी बिल्डरचा माणूस. मी म्हटलं नाही आजी, नुसतं बघतोय. त्या म्हणाल्या नुसतं बघायला कोण येतं इथं. बरोबरच होतं त्यांचं. पुढच्या वेळी मी घरातली अडकित्त्याची जोडी दुरुस्त करून घ्यायला गेलो आणि त्याच गल्लीत मला तीन घरांनी पाणी विचारलं, एकाने तर आख्खा वाडा आतून दाखवला, माडीपर्यंत. माणूस तोच, कॅमेराही पिशवीत होताच.

म्हणून तुझ्याकडे माझ्या आईचं पितळी पातेलं देणार आहे. माळ्यावर पडून आहे, कल्हई उडालीये आणि एका बाजूला पोचा आलाय. ते घेऊन भांडीबाजार नि तांबट आळीकडे विचारत विचारत जायचं. मॅप बंद. विचारलं की रस्ता पण कळतो आणि माणूस पण कळतो.

नाशिकची तांब्या-पितळेची भांडी एके काळी लांबलांब जायची, हंडे, घंगाळं, बंब, पूजेची उपकरणी सगळं. पत्र्यावर हातोडीने एकाशेजारी एक ठोके देत जायचं, त्याला मठारणं म्हणतात. ते नक्षीसाठी नसतं बरं का, ठोक्यांनी धातू टणक होतो, मग फार टणक झाला की चिरतो म्हणून परत भट्टीत तापवून मऊ करायचा, परत ठोकायचा. तू मेकॅनिकलचा आहेस, वर्क हार्डनिंग आणि अॅनीलिंग पुस्तकात वाचलंस, इथं माणसं ते नुसत्या आवाजावरून ओळखतात. आता हात कमी झालेत, बराचसा माल मशीनचा असतो, पण कुठंतरी ठकठक ऐकू येतेच, तिच्या मागे जा. कल्हई होताना बघायला मिळाली तर अजिबात हलू नकोस. भांडं तापवतात, नवसागर टाकला की पांढरा धूर निघतो, मग कथलाची, म्हणजे टिनची, कांडी टेकवायची आणि कापसाने एका झटक्यात फिरवलं की आतनं चांदीसारखं. का करायचं हे? कारण ताक, चिंचेचं सार पितळेत ठेवलं की कळकतं, म्हणजे आंबट धातूला लागून चव बिघडते. तुझ्या पिढीने हा शब्दच ऐकला नसेल, स्टीलमध्ये काही कळकत नाही ना.

बरं, दुसरं काम. दहीपुलावर उभा राहा आणि स्वतःलाच विचार, पूल आहे तर मग नदी कुठंय? आहे. तुझ्या चपलेखाली आहे. सरस्वती नावाचा प्रवाह तिथून वाहतो, आता झाकलेला आहे आणि नुसता नाला म्हणून ओळखतात, पुढं जाऊन गंगेलाच मिळतो. लोक पुलावर साड्या, पर्सा, स्टीलचे डबे घेत असतात आणि कुणाला पत्ता नसतो. पण जोरात पाऊस झाला की सरस्वती स्वतःची आठवण करून देते, दहीपूल आणि सराफ बाजारात पाणी, दुकानदारांची पळापळ, दर थोड्या वर्षांनी पेपरात तोच फोटो. तुम्ही नदीवर झाकण टाकलं म्हणून तिचा उतार बदलत नाही हे मी आयुष्यभर साइटवर सांगत आलो, ऐकणारे कमी. तर तिथून उताराउताराने चालत जा, पाणी जसं जाईल तसं, सराफ बाजारातून खाली. सरकारवाडा वाटेतच लागतो, पेशवाईतला, काळ्या दगडाचं काम बघून घे, पण तिथं फार वेळ घालवू नकोस, तो जपलेला आहे, पुढच्या वेळीही असेल.

चालताना चढउताराकडे लक्ष ठेव. जुने लोक म्हणतात नाशिक नव टेकांवर वसविले. टेक म्हणजे छोटी टेकडी. आता टेक दिसत नाहीत, पण पोटऱ्यांना कळतात, एखादी गल्ली उगाचच चढते, दोन घरांच्या ओट्यांत पुरुषभर फरक असतो, रिक्षावाला तिथं गिअर बदलतो. गुगलवर हे सगळं सपाट आहे.

तिवंध्यात आलास की एक पाऊल जपून, म्हणजे पडशील म्हणून नाही, तुझ्या पायाखाली रहाड आहे म्हणून. पेशवाईपासूनचा दगडी हौद, वर्षभर रस्त्याखाली बुजवलेला, रंगपंचमीला उघडतात, पूजा करतात, रंग भरतात आणि मग पोरं वरून धप्पा मारतात. शनि चौकात आहे, जुन्या तांबट आळीत आहे, आणि अजूनही आहेत. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तू होळीला रंग खेळून मोकळा होतोस, खरं नाशिक पाच दिवस थांबतं. त्याच बाजूला तीळभांडेश्वर लेन, तिथं अभिनव भारत मंदिर आहे, सावरकरांच्या चळवळीची जागा. कलेक्टर जॅक्सनला 21 डिसेंबर 1909 ला कान्हेऱ्यांनी गोळी घातली तेही इथलंच, विजयानंद थिएटरात, नाटक बघायला आला होता तो. शाळेत दोन मार्कांना होतं ते, पण त्या बोळांची रुंदी बघितलीस की निरोप कसे फिरत असतील ते वेगळंच समजतं.

वाड्यांबद्दल थोडं, कारण हा माझा विषय. सागवानी खांब-तुळया म्हणजे वाड्याचा सांगाडा, भिंत नुसती मधे भरलेली, खाली दगड, वर विटा नि माती-चुना. सागाला काही होत नाही रे, छप्पर गळायला लागलं की पाणी भिंतीत मुरतं, माती फुगते आणि एका पावसाळ्यात भिंत बसते. छप्पर का दुरुस्त होत नाही? भाडं इतकं जुनं आणि इतकं कमी असतं की मालकाला परवडत नाही, भाडेकरूला वाटतं मी का खर्च करू, आणि वारस दहा, त्यातले सहा पुण्यात. दर पावसाळ्याआधी पालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. कोणाची चूक म्हणून विचारशील तर मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि "हेरिटेज वाचवा" म्हणणारे आपण कोणी त्या गळक्या माडीखाली झोपत नाही.

काझीच्या गढीकडे जायचं असेल तर कुंभारवाड्याच्या बाजूने जा. नदीकाठचा मातीचा उंच ढिगारा आणि वर घरं. जुनी मातीची गढीच ती. इथं 1950-51 मध्ये पुरातत्त्ववाले सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तळाशी जोर्वे काळातली, म्हणजे ताम्रपाषाणयुगातली खापरं निघाली, संगमनेरजवळच्या जोर्व्यावरून ते नाव पडलं. म्हणजे तीन हजार वर्षांची वस्ती, थरावर थर. आणि वर आज राहणाऱ्यांच्या घराची कड दर पावसाळ्यात ढासळते. तिथं लोकांच्या घरांचे फोटो काढू नकोस, पाऊस झालेला असेल तर कडेखाली उभाही राहू नकोस, लांबून बघ आणि नीघ.

मग घाट. पोटात आग पडली असेल, बाजारात काहीतरी खा, मी ठरवून देत नाही, जिथं गर्दी तिथं ताजं. नदीत उभा असलेला दुतोंड्या मारुती बघ. 2008 ला, 2016 ला, 2019 ला पूर आला तेव्हा सगळं नाशिक एकच विचारत होतं, मारुतीच्या कुठंपर्यंत आलंय? गुडघा, कंबर, छाती, हीच आपली मोजपट्टी. धरणातून किती क्युसेक सोडलं ते नंतर. पलीकडे नारोशंकराच्या देवळाची घंटा, तिथवर पाणी गेलं म्हणजे महापूर. 2027 च्या सिंहस्थासाठी सगळीकडे कामं काढलीत, घाटाचा चेहरा आता किती बदलेल सांगता येत नाही, म्हणूनही म्हणतो पुढच्या वर्षी बघू म्हणू नकोस.

थकलास तर परत येताना सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, टेक, 1840 ची लायब्ररी आहे, पंखा आहे, पेपर आहेत, कोणी उठवत नाही.

कल्हईचे किती पडतील ते आधी विचार आणि घासाघीस करू नकोस, पैसे मी देतो. उद्या दे म्हणाले तर उद्या परत जायचं, कुरियर-बिरियर नाही. पातेलं आलं की त्यात काकू चिंचेचं सार करणार आहे, तिला सांगून ठेवलंय.

तुझा,
सर