दारू सोडून गांजावर गेलं तर चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, कोल्हापूर, शिरोली एमआयडीसीत नोकरी. आठवड्यातून पाच रात्री साडेआठला एक क्वार्टर, सोमवार आणि गुरुवार बंद. दोन महिने झाले व्यायाम सुरू केलाय, पण वजन हलत नाही आणि पहाटे झोप मोडते. मित्र सांगतो, "दारूनं लिव्हर जातं, गांजा झाडपाल्याचा, त्यानं काय हुतंय?" मग दारू सोडून गांजा धरावा का?

धरू नका. पण मित्राचं अर्धं म्हणणं खरं आहे, तेवढं आधी मान्य करू. दारू शरीराला जास्त झोडपते. एका बैठकीत प्रमाणाबाहेर गेली तर श्वास थांबून माणूस मरू शकतो. गांजानं तसं सहसा होत नाही. दारूमुळे तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा, लिव्हरचा, मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ती कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात १९८८ पासून आहे. ब्रिटिश संशोधक डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या नशेच्या पदार्थांना, कोण किती घातक यावर, १०० पैकी गुण दिले. त्यात दारूला ७२ आणि गांजाला २० मिळाले. हे आकडे मोबाईलवर फिरत असतात आणि 'गांजा बरा' म्हणणारे तेच दाखवतात. पण त्या ७२ मध्ये मारहाण, अपघात, मोडलेले संसार, समाजावर पडणारा खर्च हे सगळं धरलेलं आहे, आणि दारू पिणारे कितीतरी जास्त आहेत हेही त्यात येतं. रोज रात्री साडेआठला काहीतरी लागणाऱ्या एका माणसानं काय करावं, हे त्या तक्त्यातून कळत नाही.

तुमची अडचण त्या साडेआठच्या वेळेची आहे. दारूच्या जागी गांजा आला तरी ती वेळ तशीच राहते. जे क्वार्टरच्या बाबतीत झालं, तेच चिलमीच्या बाबतीत व्हायला फार दिवस लागत नाहीत.

आता क्वार्टरचा हिशोब. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशोबानं ३० मिलीत १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं, म्हणजे १८० मिलीत ६० ग्रॅम आणि पाच रात्रींत ३०० ग्रॅम. एका ग्रॅमला ७ कॅलरी धरल्या तर एका क्वार्टरच्या सव्वाचारशे होतात, म्हणजे साधारण १२० ग्रॅम ज्वारीच्या पिठाएवढ्या, दोन चांगल्या भाकऱ्यांच्या. सोबत ५० ग्रॅम फरसाण गेलं की आणखी पावणेतीनशे. शिवाय अल्कोहोल अंगात असेपर्यंत शरीर आधी तेच जाळतं, चरबीला हात लावत नाही. वजन का हलत नाही याचं उत्तर बरंचसं इथंच आहे. पहाटेच्या झोपेचंही तसंच. लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटतं, म्हणजे ६० ग्रॅमला सहा ते नऊ तास. रात्री साडेदहाला शेवटचा घोट घेतला तर पहाटे अंगातलं प्रमाण उतरत असतं, मेंदू उसळी मारतो आणि जाग येते. सातच्या पाळीला गाडी काढता तेव्हा अंगात थोडी दारू असू शकते. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि पोलीस सकाळीही तपासू शकतात.

सोडण्याआधी एक गोष्ट नीट तपासा, कारण चूक झाली तर जिवावर बेतू शकते ती इथंच. बरीच वर्षं रोज पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, धडधड, मळमळ, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, वेळ-काळाचं भान जातं, ताप येतो. ही अवस्था घरी सांभाळायची नसते. दुसरीकडे गांजा सोडल्यावर चिडचिड होते, भूक मरते, झोप येत नाही, भडक स्वप्नं पडतात. पहिला आठवडा जड जातो आणि दोन-तीन आठवड्यांत निवळतं. त्रास खरा असतो, पण त्यात जीव सहसा जात नाही.

तुमच्याकडे तपासायला आयते दोन दिवस आहेत. रविवारी रात्री घेतली की सोमवारी संध्याकाळी हात समोर ताठ धरा, बोटं पसरा आणि त्यावर वहीचा एक कोरा कागद ठेवा. कागदाच्या कडा थडथडत असतील, अंगाला घाम असेल, नाडी नेहमीपेक्षा बरीच जास्त असेल, तर स्वतःच्या मनानं बंद करू नका. सकाळी उठल्या उठल्या घोटभर लागत असेल, पूर्वी कधी सोडताना फिट आली असेल किंवा भास झाले असतील, तरी तेच. थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून दाखवता येतं. डॉक्टर काही दिवसांच्या गोळ्या ठरवून देतात, रोज कमी करत बंद करतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. त्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनानं आणायच्या नाहीत आणि त्यांच्यावर दारू तर अजिबात घ्यायची नाही, कारण दोन्ही मिळून श्वास दाबतात. कागद स्थिर राहिला आणि दोन्ही कोरडे दिवस शांत गेले, तर धोका बराच कमी आहे आणि घरून कमी करत आणता येईल.

कमी करताना मोजमापावरच सगळं अवलंबून आहे. हातानं ओतलेला 'लार्ज' ६० मिलीचा क्वचितच असतो. मोठ्या ग्लासात तो सहज ८०-९० होतो. औषधाच्या बाटलीवरच्या मापानं ६० मिली पाणी मोजा, रोजच्या ग्लासात ओता आणि जिथवर पाणी येईल तिथं बाहेरून नेलपॉलिशची बारीक रेघ मारा. मग दर तीन-चार दिवसांनी ३० मिली कमी करा: १५०, १२०, ९०, ६०, आणि बंद. सोमवार-गुरुवार कोरडेच ठेवा. एकूण दोन-अडीच आठवड्यांचं काम आहे. यात बहुतेकांचं घसरतं ते एकाच ठिकाणी: घरी क्वार्टर आणायची आणि त्यातली १२० घेऊन बाकीची ठेवायची. ते जमत नाही, कारण पहिले ६० मिली आत गेले की थांबण्याचा निर्णय घेणारा मेंदूचा भागच सैल होतो. शिल्लक राहील असं घरात आणायचंच नाही. १५० आणि १२० च्या दिवसांत मोजून घेतलं की उरलेली लगेच बेसिनमध्ये ओता, त्यापुढे नाइंटीच (९० मिलीची बाटली) आणा, ६० च्या दिवसांत तिच्यातलंही उरलेलं ओता. आणि व्हिस्की सोडून स्ट्राँग बिअरवर आलो म्हणजे कमी झाली असं समजू नका. ८ टक्क्यांच्या ६५० मिली बाटलीत ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं, ३० मिलीच्या चार स्मॉलएवढं.

गांजाचं माप मात्र असं काढता येत नाही, आणि बदल म्हणून तो न चालण्याचं हे एक मोठं कारण आहे. बाटलीवर ४२.८ लिहिलेलं असतं. पुडीवर काहीच नसतं. त्यात नशेचं द्रव्य किती, हे झाडावर, कळीवर, साठवणीवर ठरतं, आणि एका पुडीतून दुसरीत ते दुप्पट-तिप्पट असू शकतं. वर आपल्याकडे तो बहुधा सिगारेट मोकळी करून तंबाखूत मिसळून ओढतात. म्हणजे दारू सोडायला निघालेला माणूस निकोटिनही घेऊन बसतो. धूर तो धूरच, खोकला आणि कफ तसाच होतो. भांगेसारखं पोटातून घेतलं तर चढायला अर्धा ते दीड-दोन तास लागतात. माणसाला वाटतं काहीच झालं नाही, म्हणून तो आणखी घेतो आणि मग दोन्ही एकदम चढतात. भीती, घबराट, छातीत धडधड अशी अवस्था तासन् तास राहते.

झोपेसाठी गांजा घेणाऱ्यांचं गणितही काही आठवड्यांत फसतं. सुरुवातीला झोप लवकर लागते. पुढे तेवढ्यानं भागत नाही, प्रमाण वाढतं, आणि एक रात्र नागा झाली की स्वप्नांनी झोप फाटते. अमेरिकेतल्या अभ्यासांत एकदा तरी गांजा घेतलेल्या दर १०० जणांत साधारण ९ जण पुढे त्याच्या आहारी गेलेले दिसतात, आणि विशीच्या आत सुरू करणाऱ्यांत सहात एक. घरात आई-वडील, भाऊ, काका यांपैकी कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर गांजाच्या जवळही जाऊ नका. त्यानं तो आजार उघडा पडू शकतो आणि गांजा सोडला तरी तो दरवेळी मागे फिरत नाही. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनाही हेच सांगेन, कारण गांजानं ठोके वाढतात. आणि सोडण्याच्या काळात दोन्ही एकत्र घेणं सगळ्यात वाईट. आधी दारू, मग गांजा झाला की गांजाचं प्रमाण रक्तात जास्त चढतं, गरगरतं, उलट्या होतात. त्या अवस्थेत पन्हाळा रोडला गाडी चालवणं म्हणजे दुसऱ्याचाही जीव टांगणीला लावणं.

कायद्याचं दोन ओळींत: १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली गांजा ओढणं हाही गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाळगण्याची शिक्षा वेगळी. शिवाय तो चरबीत मुरत असल्यानं नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभरही सापडू शकतो, हे नोकरीतल्या वैद्यकीय तपासणीसाठी लक्षात ठेवा.

आता साडेआठ. तलफ एकसारखी चढत राहत नाही. पंधरा ते तीस मिनिटांत वर जाते आणि उतरते. ती भुकेवर स्वार होऊन येते, म्हणून जेवण साडेसातला आणा. व्यायाम संध्याकाळी असेल तर घरी येईपर्यंत थांबू नका, गंगावेशच्या दूध कट्ट्यावर ग्लासभर म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं, ते घ्या (दूध पचत नसेल किंवा कच्चं दूध सोसत नसेल तर मूठभर भिजवलेले चणे आणि केळं). पोट भरलेलं असताना तलफेचा जोर कमी होतो. नंतर रंकाळ्याला एक फेरी मारा, पण दुकानावरून जाणाऱ्या नेहमीच्या वाटेनं नको. पहिले दोन आठवडे वहीत रोज चार गोष्टी टिपा: किती वाजता इच्छा झाली, कुणाबरोबर होतो, जेवलो होतो का, किती मिली घेतली. चौदा दिवसांनी वही सांगेल की पाचपैकी दोन रात्री नुसत्या भुकेच्या होत्या आणि एक पाळी संपल्यावरच्या रागाची.

रस्सा मंडळ (मित्रांची मटण-रश्श्याची बैठक) आणि आखाड ही खरी परीक्षा. तिथं न जाणं हा फार दिवस टिकणारा उपाय नाही, कारण आपल्याकडे माणसं जोडलेली राहतात तीच मुळी अशा बैठकांत. जा, पण उशिरा जा, पांढऱ्या रश्श्याची फोडणी चालू असेल तेव्हा. किंवा रस्सा करायची जबाबदारीच अंगावर घ्या, चुलीपाशी उभ्या माणसाला कुणी बसायचा आग्रह करत नाही. हातात सोडा-लिंबूचा भरलेला ग्लास ठेवा. रिकामा हात दिसला की कुणीतरी ओततंच. "घे की भावा एक, एकानं काय हुतंय" याला लांबलचक उत्तर देऊ नका. "औषध चालू आहे" एवढंच सांगा आणि विषय बदला. कारणं सांगत बसलात की समोरचा एकेक खोडून काढतो.

एखाद्या रात्री घसरलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा १८० पासून सुरू करू नका, ज्या मापावर होता तिथूनच पुढे. घरच्यांना एक आवर्जून सांगा: जेवणात नकळत मिसळायची 'दारू सोडवण्याची पावडर' आणू नका. त्यात डायसल्फिराम असेल आणि माणसानं वर दारू घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ते औषध माणसाला सांगून, तपासण्या करून, डॉक्टरच देतात. तलफ कमी करणाऱ्या दुसऱ्या गोळ्याही आहेत, त्यांच्याबद्दल विचारा. सकाळच्या डोकेदुखीवर पॅरासिटामॉल रोज गिळत असाल तर तेही थांबवा, पिणाऱ्याच्या लिव्हरवर ती जास्त भारी पडते. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस १४४१६ आणि नशामुक्तीचा १४४४६ हे फुकटचे नंबर आहेत. फिट आली किंवा भास सुरू झाले तर थेट १०८.

सुरू करण्याआधी एलएफटी, जीजीटी (दोन्ही लिव्हरच्या रक्ततपासण्या) आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. एलएफटी नॉर्मल आली म्हणजे लिव्हर ठणठणीत असा अर्थ नसतो, फॅटी लिव्हर असतानाही ती नॉर्मल येऊ शकते. पूर्ण बंद झाल्यावर जीजीटी दोन-तीन आठवड्यांत साधारण निम्म्यावर येतं आणि साधं फॅटी लिव्हरही काही आठवड्यांत ओसरू लागतं. सहाव्या आठवड्याला त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा, म्हणजे दोन्ही कागद शेजारी ठेवून आकडे पाहता येतील.