आमच्या गावच्या देवरहाटीत मंडळातर्फे हजार झाडं लावायची आहेत. कोणती रोपं लावावीत?

एकही लावू नका. देवरहाटी म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, देवराई. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या कोयता चालला नाही, तिथे रोपांची वानवा नसते. खड्डे काढायचे म्हणजे आधी तुम्ही साफसफाई करणार. गारंबीच्या वेली तोडणार, पाचोळा पेटवणार, त्याखाली आपसूक रुजलेली रोपं मारणार आणि त्या जागी नर्सरीतला गुलमोहर नाहीतर अकेशिया लावणार. हे आमच्या गावात डोळ्यांदेखत झालंय, म्हणून तिडकीनं लिहितोय.

गाव संगमेश्वर तालुक्यातलं. ग्रामदेवतेचं कौलारू देऊळ, भोवती देवरहाटी. मुंबईच्या मंडळानं जीर्णोद्धार काढला: स्लॅब, सभामंडप, गाड्या वळवायला मोकळी जागा. देवळामागे दोन जुने बेहडे होते. त्यातल्या मोठ्याच्या ढोलीत महाधनेशाची जोडी दरवर्षी यायची. मादी आत शिरून ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून फळं भरवत राहतो. त्या फळांच्या बिया झाडाखाली पडतात. पहिल्या पावसानंतर तिथे वाकून बघितलं की बोटभर उंचीची रोपं दाटीनं उभी दिसायची, काहींच्या डोक्यावर बियांची टरफलं अजून अडकलेली. पक्ष्यांनी चालवलेली रोपवाटिकाच होती ती, आणि मंडळानं तिच्यावर खडी पसरली.

माझे चुलते मंडळाचे अध्यक्ष. त्यांचं एकच पालुपद: "देवाला कौल लावलाय, देवानं उजवा दिलाय." (देवाला लावलेली कळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार.) मी विचारलं, काका, कौल लावताना गाऱ्हाणं काय घातलंत? तर गाऱ्हाणं देऊळ बांधण्याचं होतं. झाड तोडू का, हे देवाला कोणी विचारलंच नव्हतं! तोवर मोठा बेहडा आडवा झाला होता. दुसऱ्यासाठी मी मानकऱ्यांच्या घरोघरी गेलो आणि पुन्हा कौल लावायला लावला, या वेळी नेमका झाडाचा. गुरवांनी कळ्या लावल्या, डावी पडली. तो बेहडा आज उभा आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. काका त्यानंतर दोन गणपती आमच्या घरी आले नाहीत.

देवरहाटी म्हणजे देवळाचं आवार, ही समजूतच मुळात चुकीची आहे. आधी रान, मग देव. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून हे लिहून ठेवलेलं आहे की ही रानं गावानं पाळलेल्या बंधनांमुळे टिकली. पडलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही. पाचोळा तसाच राहतो, पावसाचं पाणी धावत सुटण्याऐवजी मुरतं, आणि खालच्या वाडीचा झरा उन्हाळ्यात चालतो. आमच्याकडे उतार मोकळा केला त्या बाजूचा झरा आता लवकर आटतो. तोडीमुळेच आटतो हे मी सिद्ध करू शकत नाही, पण वाडीतल्या बायकांना विचारा.

हां, कडेची जमीन आधीच उघडी पडली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे त्याच रहाटीतल्या बियांपासून केलेली ऐन, किंजळ, बेहडा, उंबर यांची रोपं लावा, गुरांपासून जपा. त्याआधी सातबारा काढा. काही रहाटी देवस्थानच्या नावावर आहेत, काही सरकारच्या, आणि त्यावर पुढचं सगळं ठरतं. ग्रामपंचायतीत २००२च्या जैवविविधता कायद्याखाली जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. ती नुसती कागदावर असेल तर तिला जागं करा. आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्याला तिथल्या एका छोट्या माशासाठी २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, तेव्हा हा रस्ता खुला आहे.

आणि मंडळाकडे पैसे जमलेच असतील तर देवळाची कौलं परतून घ्या, वासे बदला. सभामंडपाचा विषय निघाला तर गाऱ्हाणं कोणत्या शब्दांत घालायचं ते गावानं आधी बसून ठरवावं, आणि ते मुंबईहून ठरवून आणू नये.