‘हाड जुळलं न्हाई म्हनं’

मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झालेले पेशंट सहा-आठ महिन्यांनी पुन्हा माझ्यासमोर येऊन बसतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. मी डॉक्टर नाही, अशा पेशंटबरोबर बसून बोलणं हे माझं काम. एवढं ऑपरेशन करून घेतलं, पैसा ओतला आणि आता स्कॅनचा रिपोर्ट खराब आलाय. सगळं पाण्यात गेलं का? गेल्या महिन्यात तर पंधरा दिवसांत तिघांनी हेच विचारलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं की मला अक्का आठवतात. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील तेवढे बदललेत.

अक्का सातारा जिल्ह्यातल्या, वय ४६. गावात सगळे अक्काच म्हणतात, म्हणून मीही. धंदा ब्लाऊज शिवायचा. लग्नसराईत रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चालायचं. दोन वर्षांपूर्वी सुईत दोरा जाईना. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून नवा चष्मा केला, तरी जाईना. मग हूक लावताना बोटं चुकायला लागली. मग एक दिवस देवळातून येताना शेजारणीनं हाक मारली, “अक्का, तुमची चप्पल मागंच ऱ्हायली की!” पायातून चप्पल निसटली तरी पायाला कळलं नव्हतं.

मानेच्या मज्जारज्जूवर दाब आला की असंच होतं. दुखणं फार नसतं, आणि म्हणून माणूस अंगावर काढतो. पुण्यात दाखवलं तेव्हा सर्जननी दोन जागी दाब असल्याचं सांगितलं, सी५-सी६ आणि सी६-सी७, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमध्ये. ऑपरेशन मानेच्या पुढच्या बाजूनं झालं. मणक्यांमधल्या खराब चकत्या (डिस्क) काढल्या, त्यांच्या जागी छोटे पिंजरे बसवले आणि पुढून टायटॅनियमची पट्टी स्क्रूनं घट्ट केली. कुठल्याही जोडणीच्या ऑपरेशनमध्ये पट्टी-स्क्रू हे तात्पुरते टेकू असतात. खरी जोडणी हाडाची हाडानंच व्हायची असते, आणि तिला महिने लागतात. कुणाला सहा, कुणाला बारा, काहींना त्याहून जास्त.

ऑपरेशननंतर चप्पल पायात राहायला लागली. बोटांत थोडी पकड आली. सातव्या महिन्यात मात्र मान पुन्हा दुखू लागली म्हणून सर्जननी सीटी आणि एमआरआय करायला सांगितलं. रिपोर्ट मुलाच्या व्हॉट्सॲपवर आला आणि सर्जनची अपॉइंटमेंट होती नऊ दिवसांनी. त्या नऊ दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी अक्का एसटीनं एकट्याच माझ्याकडे आल्या. स्कॅन सेंटरची ती भलीमोठी पांढरी पिशवी मांडीवर आडवी धरून, काच सांभाळावी तशी.

“हाड जुळलं न्हाई म्हनं,” त्या बसता बसता म्हणाल्या. “नापास झाले मी, ताई.”

मुलानं रिपोर्टमधला एकेक शब्द मोबाइलवर टाकून अर्थ काढला होता आणि कागदाच्या कडेला पेन्सिलीनं मराठीत लिहिला होता. ‘इनकम्प्लीट फ्युजन ॲट सी६-सी७’च्या पुढे: जोडले गेले नाही. ‘मायलोमलेशिया’च्या पुढे: मज्जारज्जू मऊ पडला. ‘माइल्ड डिस्क बल्ज ॲट सी४-सी५’च्या पुढे: आता वरचापण गेला. पोरगं बावीस वर्षांचं. त्यानं रात्री जागून केलेलं ते भाषांतर बघून मला रिपोर्टपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटली.

आणि मग मी चूक केली. वीस वर्षं हे काम करूनही करते. “अहो अक्का, काळजी करू नका,” म्हणत मी सरळ आकडेवारीवर आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात मानेची काहीही तक्रार नसलेल्या १२११ जणांचे एमआरआय काढले होते, आणि त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. म्हणजे ‘बल्ज’ हा शब्द तुमच्या-माझ्या, कुणाच्याही रिपोर्टमध्ये निघू शकतो. माझ्या स्वतःच्या मानेच्या रिपोर्टात दोन आहेत, आणि मी रोज स्कूटर चालवते. हे सगळं खरं आहे. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं, कागदाची घडी घातली आणि तो पिशवीत ठेवला. पदर सावरून त्या उठायच्या बेतात होत्या. माणूस कागद आत ठेवायला लागला की समजावं, आपण त्याच्याशी नाही, रिपोर्टशी बोलत होतो.

मी थांबले. चहा मागवला. मग विचारलं, “घरात हा रिपोर्ट कुणी कुणी वाचलाय?”

त्यावर खरी गोष्ट निघाली. ऑपरेशनला धाकट्या दिराचा विरोध होता. मणक्याला सुरी लावली की माणूस अंथरूण धरतो, हे त्याचं ठाम मत. नवरा गप्प. अक्कांनी स्वतः हट्ट धरून, पाटल्या बँकेत ठेवून सोनेतारण कर्ज काढून ऑपरेशन करून घेतलं. चप्पल निसटायची थांबली तेव्हा त्या जिंकल्या होत्या. आता दिरानं रिपोर्ट बघून एवढंच म्हटलं होतं, “मी सांगितलंच होतं.” आणि मोठ्या जावेनं स्वयंपाकघरात हळूच, “पाटल्या तरी ऱ्हायल्या असत्या.”

म्हणजे अक्का ज्या कागदाची वाट बघत होत्या तो मानेचा अहवाल नव्हताच. घरात चाललेल्या खटल्याचा तो निकाल होता. ‘फ्युजन कम्प्लीट’ असं छापून आलं असतं तर त्यांनी तो कागद दिरापुढे ठेवला असता. रेडिओलॉजिस्टला यातलं काय माहीत? त्याला विचारलं होतं हाड किती भरलं, तेवढंच त्यानं लिहिलं. अक्का मग थोडा वेळ रडल्या. मी काही बोलले नाही, आणि त्या दिवशीचं माझं सगळ्यात उपयोगी काम बहुधा तेवढंच होतं.

दुसऱ्या भेटीत आम्ही रिपोर्ट पुन्हा उघडला, पण या वेळी शेवटून. भारतातल्या जवळजवळ प्रत्येक स्कॅन रिपोर्टच्या तळाला एक ओळ असते: ‘सजेस्टेड क्लिनिकल कोरिलेशन’. मुलानं तिचं भाषांतर केलं नव्हतं, कारण तिच्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. तिचा अर्थ, फोटोत जे दिसतंय ते पेशंटला तपासून मगच ठरवा. रिपोर्ट लिहिणाऱ्यानं अक्कांना पाहिलेलं नव्हतं. चप्पल पायात राहते हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग एकेक शब्द. मी डॉक्टर नाही आणि रिपोर्ट वाचून उपचार ठरवणं माझं काम नाही, हे आधी सांगितलं. पण मणक्याच्या पेशंटबरोबर इतकी वर्षं बसून काही गोष्टी माहीत झाल्यात. सातव्या महिन्याला ‘इनकम्प्लीट’ म्हणजे अपूर्ण. फसलं असा त्याचा अर्थ तेवढ्यावरून निघत नाही. दोन जागी जोडणी केली असेल तर एक आधी भरते, दुसरी मागे राहते, असं पुष्कळदा होतं. काही लोकांचं हाड शेवटपर्यंत पूर्ण जुळत नाही आणि तरी त्यांना त्रास नसतो. काहींना मात्र दुखत राहतं आणि पुन्हा ऑपरेशन लागतं. हे दुसरं वाक्य मी गाळलं नाही. गाळलं असतं तर पहिल्यावरचा विश्वासही उडाला असता. ‘मायलोमलेशिया’ म्हणजे मज्जारज्जूत दिसणारा डाग, आणि तो जुन्या दाबाचा व्रण असू शकतो. दाब काढला तरी तो बऱ्याचदा फोटोत तसाच दिसत राहतो. आणि वरच्या मणक्याचं? जोडणीशेजारच्या मणक्यामुळे नव्यानं त्रास सुरू होण्याचं प्रमाण १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात वर्षाला सुमारे २.९ टक्के निघालं होतं. नगण्य नाही, पण ‘वरचापण गेला’ असंही नाही.

“सर्जननी ऑपरेशनच्या आधी नेमकं काय सांगितलं होतं?” मी विचारलं.

अक्कांनी आठवून आठवून सांगितलं, “म्हनले, हाय तितं थांबवायचं. सुदारलं तर बोनस.”

आणि घरात ते पोचलं होतं ‘बरी होणार’ असं. मज्जारज्जूवरच्या दाबाच्या ऑपरेशनचा पहिला हेतू पुढची पडझड थांबवणं हाच असतो. अक्कांची थांबली होती. रिपोर्टमध्ये त्याला रकाना नव्हता, एवढंच.

आता जे सांगायचंय ते जरा अवघड आहे. बोलताना अक्का कपातला चहा तर्जनीनं ढवळत होत्या, मलई बाजूला करत. त्या बोटाच्या नखाच्या कडेला काळी रेघ होती. सातारा-सांगलीकडच्या बायकांची ती रेघ मी ओळखते. मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटतात आणि दातांना लावतात. सकाळी एकदा, दुपारी एकदा, भांडणं झाली की आणखी एकदा.

ऑपरेशनआधी अर्जात प्रश्न होता: धूम्रपान, तंबाखू? मुलानं ‘नाही’वर खूण केली होती. त्यात खोटेपणा कुणाचाच नव्हता. मशेरीला कुणी तंबाखू म्हणतच नाही, ‘दात घासते’ म्हणतात. अक्का तेराव्या वर्षापासून दात घासत होत्या. पण मशेरीतही निकोटीन असतंच, आणि निकोटीन हाडाच्या भरण्याला आडवं येतं. म्हणून तर सर्जन जोडणीच्या आधी तंबाखू कुठल्याही रूपात बंद करायला सांगतात.

हे अक्कांना सांगावं की नाही? रात्रभर माझ्या डोक्यात घोळत होतं. न सांगणं शक्य नव्हतं, कारण ही एकच गोष्ट त्यांच्या हातात होती. पण सांगितलं की घरच्या खटल्यात आयता पुरावा: म्हणजे चूक हिचीच. शेवटी मी फोन केला आणि एकट्याच या म्हटलं. सांगितलं की हाड मागे राहायला दहा कारणं असतात, दोन जागची जोडणी हेच एक मोठं कारण आहे, मशेरीमुळेच झालं असं कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही. पण उरलेली नऊ तुमच्या हातात नाहीत.

अक्का बराच वेळ बोटाकडे बघत राहिल्या. “डाक्टरला मीच सांगते,” म्हणाल्या. “पोराला नगा सांगू.”

नवव्या दिवसासाठी आम्ही वहीच्या पानावर चार प्रश्न लिहिले. स्क्रू घट्ट आहेत का? मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढायची गरज आहे का? वाट बघायची तर कधीपर्यंत? आणि मशेरी. चौथ्या ओळीत फक्त ‘म’ लिहिला, मुलानं वही उघडली तरी कळू नये म्हणून. पानाच्या मागे मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं: हाता-पायातली ताकद अचानक कमी झाली, चालताना तोल जायला लागला, चप्पल पुन्हा निसटू लागली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, ताप आला किंवा गिळायला नव्यानं त्रास झाला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. हे मी प्रत्येकाला लिहून देते. रिपोर्ट वाईट असो की चांगला, या गोष्टी फोटोत आधी दिसत नाहीत, अंगात दिसतात.

सर्जननी म्हणे रिपोर्ट बाजूलाच ठेवला. आधी अक्कांना सरळ रेषेत टाच-बोट लावून चालवलं, मुठी भराभर उघडझाप करायला लावल्या, मग स्क्रीनवर फोटो लावले. स्क्रूभोवती काळी कडा नव्हती, म्हणजे ते सैल झाले नव्हते. मान वाकवून एक्स-रे काढले, तर मणक्यांच्या मागच्या काट्यांमधलं अंतर एक मिलिमीटरही बदलत नव्हतं. ही चांगली खूण आहे म्हणाले, पण सीटीत हाड दिसेपर्यंत ते जुळलं असं मी म्हणणार नाही. ऑपरेशनला वर्ष झालं की पुन्हा बघू. मानेच्या दुखण्यासाठी फिजिओथेरपी दिली. चौथ्या प्रश्नाच्या वेळी अक्कांनी मुलाला बाहेर पाणी आणायला पाठवलं.

दिराला काय सांगितलं, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. दिरापुढे चप्पल घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, “ह्यो माझा रिपोर्ट. इंग्रजीतला तुमी ठेवा.” दीर काही बोलला नाही. जाऊ अजून पाटल्यांचं काढते.

मशेरी? तीन महिन्यांत दोनदा लावली. “खोटं कशाला बोलू?” एकदा पुतणीच्या लग्नात, एकदा बँकेची नोटीस आली तेव्हा. मशीनच्या चारही पायांखाली आता विटा आहेत, मान खाली जाऊ नये म्हणून. सुईत दोरा अजून मुलगाच ओवून ठेवतो, सकाळी कामाला जाताना, दहा-बारा सुया एका उशीला टोचून.

परवा अक्कांचा फोन आला. पुढचा सीटी दिवाळीनंतर आहे आणि दिवाळीच्या ब्लाऊजची कापडं आत्ताच यायला लागलीत. किती घ्यावीत?

मी म्हटलं, हे मला नाही, सर्जनना विचारा.

“त्यास्नी इचारलं तर ते न्हाईच म्हननार,” अक्का म्हणाल्या. “म्हनून तर तुमाला इचारलं.”