गाण्यात मुलासाठी जागा ठेवा

गोव्यात चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की घराघरांत घुमट-शामेळ ही तालवाद्यं बाहेर निघतात आणि माझ्याकडे पत्रं येऊ लागतात. विषय दरवर्षी तोच: बोलत नसलेलं किंवा फार कमी बोलणारं तीन-चार वर्षांचं मूल, त्याच्या हातातला बोलणारा टॅब आणि गाणं. (चित्रावर बोट ठेवलं की शब्द उच्चारणारं साधन. आम्ही थेरपीवाले त्याला एएसी म्हणतो.) गोंधळही दरवर्षी तेच, म्हणून काही पत्रांना इथेच उत्तरं देते.

टॅबवर बोलायची सवय लागली तर मुलगी तोंडाने बोलायचा आळस करेल, असं शेजारी सांगतात. खरं का? (डिचोली)

नाही. मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी 2006 साली आधीचे अभ्यास एकत्र करून तपासले. ज्यांच्याबद्दल खात्रीलायक पुरावा होता, त्या व्यक्तींत एकाचंही बोलणं एएसीमुळे कमी झालेलं आढळलं नाही. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच. शेजाऱ्यांना एवढं सांगा आणि टॅब चार्ज करून ठेवा.

घरी कोंकणी, आजी मराठीत गोष्टी सांगते, बालवाडीत इंग्रजी. तीन भाषांमुळेच मुलगा मागे पडला का? टॅबमध्ये कुठली भाषा ठेवू? (म्हापसा)

भाषा जास्त म्हणून मूल मुकं राहत नाही. 'घरात फक्त इंग्रजी बोला' असा सल्ला कुणी दिला असेल तर तो विसरा. आई ज्या भाषेत रागावते आणि लाड करते, ती भाषा आधी. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे ॲप मोफत आहे आणि त्यात मराठी आहे. कोंकणीसाठी ज्यात स्वतःचा आवाज भरता येतो असं ॲप किंवा साधं बटण घ्या आणि घरातल्या एखाद्या चुलतभावंडाकडून शब्द भरून घ्या. चार वर्षांच्या पोराच्या तोंडी पुरुषी यांत्रिक आवाज विचित्रच वाटतो. कुठलं ॲप, किती मोठी चित्रं, एका पानावर किती, हे मात्र मुलाची नजर आणि बोटं पाहूनच ठरतं. ते तुमच्या स्पीच थेरपिस्टला ठरवू द्या.

टॅब हातात आला की यूट्यूब लावतो. (कुडचडे)

बोलायचा टॅब वेगळा ठेवा. ते जमत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन तो एकाच ॲपवर कुलूपबंद करा. ती सोय अँड्रॉइडवर आहे, आयपॅडवरही आहे.

मुलगा चार वर्षांचा. टॅबवर गाण्यांची बटणं आहेत, दिवसभर दाबतो. सगळ्या आरत्यांची चाल बरोबर गुणगुणतो. पण पाणी हवं तर मला ओढत मडक्याकडे नेतो. गाण्याच्या बाई म्हणतात, चालू ठेवा, गाण्यातूनच बोलणं येईल. (फोंडा)

आपोआप येणार नाही. अशी पत्रं मला सर्वांत जास्त येतात आणि ती वाचून मी दर वेळी चिडते. तुमच्यावर नाही, त्या बटणांवर.

एक बटण दाबलं की अख्खं गाणं वाजतं. म्हणजे मुलाला बोलायला यंत्र दिलं आणि तो रेडिओ लावायला शिकला. गाणं सुरू झालं की त्याला तुमची गरज उरत नाही, आणि कुणाची गरजच नसेल तर बोलायचं कशाला?

आधी ती बटणं काढा. त्यांच्या जागी 'आणखी', 'थांब', 'हळू', 'मोठ्याने', 'नको', 'तू गा', 'संपलं' हे शब्द ठेवा. त्यांच्या जागा एकदा ठरल्या की हलवू नका, कारण बोटाला जागा पाठ होते. मग गाणं तुम्ही म्हणा. आवाज बेसूर असला तरी चालेल, कडवं लहान असावं. त्याच्या आवडत्या ओळीच्या तोंडाशी थांबा. खरोखर थांबा. मनात दहापर्यंत मोजा आणि त्याच्याकडे पाहत राहा. 'बोल, बोल ना' म्हणू नका. पालकांना सगळ्यात अवघड जातं ते हेच. तिसऱ्या सेकंदाला आई स्वतःच ओळ पुरी करते. त्या दहा सेकंदांत त्याने मान वर केली, अंग हलवलं, टॅबकडे नुसतं पाहिलं, तरी ते मागणं समजा. तुम्ही स्वतः 'आणखी' दाबा, तोंडानेही म्हणा आणि पुढची ओळ गा. त्याचा हात धरून बटण दाबायला लावू नका. ते बोलणं तुमचं होतं, त्याचं नाही.

'थांब' शिकवायला घुमटासारखं वाद्य नाही. चवथीच्या आधी आजोबा सोप्यावर घुमट घेऊन बसत असतील, तर टॅब नातवाच्या पुढ्यात ठेवा. त्याने 'थांब' दाबलं की आजोबांचा हात तिथल्या तिथे, अर्ध्या बोलावर थांबला पाहिजे. 'एवढं आवर्तन पुरं करतो रे' चालणार नाही. आपल्या एका शब्दाने म्हाताऱ्या माणसाचा हात थांबतो, हे मुलाच्या लक्षात आलं की पुढची अर्धी लढाई सोपी होते. भर आरतीत मात्र हा खेळ नको, भटजी चिडतील.

आणि 'नको' काढून टाकू नका. काही घरांत मूल ते फार दाबतं म्हणून काढतात. त्याला गाणं नको असेल तर नको.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गाण्यात शिकलेलं 'आणखी' त्याच आठवड्यात पेजेच्या वाटीजवळ गेलं पाहिजे, झोक्याजवळ गेलं पाहिजे. मडक्यापाशी तो ओढू लागला की पाण्याचं भांडं हातात धरा, टॅब पुढे करा, 'पाणी' तुम्ही दाबून दाखवा आणि लगेच पाणी द्या. तहानलेल्या मुलाची परीक्षा घेऊ नका. गाण्याच्या बाईंना टॅब दाखवा आणि थेरपिस्टशी त्यांची एकदा गाठ घालून द्या. दोघी दोन दिशांना ओढतात आणि मूल मध्ये राहतं, हे मी फार पाहते.

एका केंद्रात 'संगीतोपचाराचं पॅकेज' आहे. आगाऊ पैसे भरले तर मूल बोलण्याची हमी देतात, शिवाय मोझार्टच्या संगीताचा पेनड्राइव्ह फुकट. (वास्को)

हमी हा शब्द ऐकला की पाकीट खिशात ठेवा आणि बाहेर पडा. मोझार्टचं संगीत ऐकून बाळं हुशार होतात, ही कथा 1993 च्या एका लहानशा प्रयोगातून आली. तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता, बाळांवर नाही. परिणाम आकारांच्या कोड्यांपुरता दिसला, तोही जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. बोलण्याचा त्यात संबंधच नव्हता. स्वमग्न मुलांवरचा मोठा संगीतोपचार प्रयोग 2017 साली प्रसिद्ध झाला. नऊ देशांतली 364 मुलं त्यात होती, आणि नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्याने लक्षणांची तीव्रता कमी झाल्याचं दिसलं नाही. म्हणून संगीत वाया गेलं असं नव्हे. मूल आणि माणूस एकत्र आणायचं ते साधन आहे, औषध नाही. पैसे भरण्याआधी थेरपिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. देत नसतील तर उत्तर मिळालं.

नातू अडीच वर्षांचा, एकही शब्द नाही. त्याचा बापही चार वर्षांनंतरच बोलला. शिगम्यात ढोल वाजला की नाचतो, म्हणजे कान चांगलेच आहेत. थांबू का? (पेडणे)

थांबू नका. बाप उशिरा बोलला, हा नातवाचा रिपोर्ट नव्हे. आणि ढोलावर नाचणं ही कानाची तपासणी नव्हे. ढोलाचा आवाज खालच्या पट्टीतला आणि दणदणीत असतो, छातीत जाणवतो. 'स', 'श', 'फ' यांसारखे वरच्या पट्टीतले बारीक आवाज ऐकू न येणारं मूलही त्यावर मनसोक्त नाचेल. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांच्या चिठ्ठीवर बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात श्रवणचाचणीचं विचारा. स्पीच थेरपिस्टची वेळही त्याच दिवशी मागा. एक अहवाल येईपर्यंत दुसरं काम अडवून ठेवायचं कारण नाही.

आरतीला झांजा वाजल्या की मुलगी कान झाकून रडते. सवय व्हावी म्हणून उभी करू का? (साखळी)

नको. दुसऱ्या खोलीत बसू दे, टॅबवर 'मोठा आवाज' आणि 'बाहेर जाऊया' हे शब्द ठेवा. नेहमीचं असेल तर तपासून घ्या.

बालवाडीवाले टॅब आणू देत नाहीत. इतर मुलंही मागतील म्हणतात. (मडगाव)

इतर मुलांना तोंड आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 17 वं कलम बोलण्याला पूरक आणि पर्यायी साधनांच्या वापराला चालना द्यायला सांगतं. मात्र कायदा दाखवून भांडणाने सुरुवात करू नका. थेरपिस्टकडून एका पानाचं पत्र घ्या: मूल कुठले शब्द वापरतं, टॅब कुठे ठेवायचा, पडला तर जबाबदारी कुणाची. ते घेऊन बाईंना भेटा आणि सकाळच्या प्रार्थनेत एक ओळ त्याच्या बटणासाठी सोडायला सांगा. आठ दिवसांत हललं नाही तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि त्याची प्रत थेरपिस्टकडे ठेवा.