पावसात बंद पडणारी गाडी: नवे सुटे भाग घेण्याआधी जुने जोड तपासा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. 2011 सालची 150 सीसीची गाडी तुम्ही जुन्यात घेतलीत. ती चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, हँडल डावीकडे पूर्ण वळवल्यावर अधूनमधून फ्यूज उडतो आणि मोठ्या पावसात ब्रेक दाबून हॉर्न वाजवला की इंजिन गचके खाऊन बंद पडते. दोन बॅटऱ्या आणि एक आर. आर. युनिट (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारे रेग्युलेटर-रेक्टिफायर) बदलून झाले, आणि आता मेकॅनिक सीडीआय युनिट (स्पार्क प्लगच्या ठिणगीचे इलेक्ट्रॉनिक युनिट) बदलायला सांगत आहेत. ते तूर्त घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आधीच्या मालकाने रिमोटचा अलार्म बसवून नंतर काढला होता आणि हेडलाइटच्या मागे काळ्या टेपचा गोळा दिसतो, असे तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या तिन्ही तक्रारींचा उगम तिथेच असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

असे म्हणण्यामागे अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका मित्राच्या गाडीत जवळपास हीच लक्षणे होती. टाकी उतरवून पाहिले, तेव्हा इग्निशन स्विचकडून येणारी मुख्य वायर अलार्मसाठी मधोमध कापलेली आणि अलार्म काढल्यावर नुसती पिळून टेपने गुंडाळलेली आढळली. उन्हाने टेपचा डिंक वितळून चिकट झाला होता, आत पाणी जाऊन तांब्यावर हिरवी भुकटी साचली होती आणि सगळ्या तारांपैकी जेमतेम दोन अखंड होत्या. तरीही मल्टीमीटर त्या जोडाच्या पुढे 12.4 व्होल्ट दाखवत होता, आणि त्यामुळेच आधीच्या दोन मेकॅनिकांनी ती वायर निर्दोष ठरवली होती. मी त्याच ठिकाणी ब्रेक लाइटचा 21 वॉटचा बल्ब जोडला आणि आकडा थेट सहाच्या आसपास घसरला.

याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. मीटर स्वतः जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह घेत नाही, त्यामुळे एक तार शिल्लक असली तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते. हॉर्न आणि ब्रेक लाइट मिळून साधारण 4 अँपिअर घेतात; वाटेतल्या जोडाचा रोध फक्त 1 ओहम असला तरी तिथे 4 व्होल्ट खर्ची पडतात आणि सीडीआयला बारांऐवजी आठच उरतात. पावसाने तो जोड आणखी बिघडतो. तुमचे इंजिन नेमके हॉर्न वाजवतानाच का गचके खाते, याचा खुलासा मला यात दिसतो. म्हणून यापुढे कोणतीही वायर तपासताना तिच्यावर भार टाकूनच तपासा: किल्ली चालू ठेवा, ब्रेक आणि हॉर्न दाबा, मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे सीडीआयच्या पुरवठ्याच्या वायरला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर दोष त्या दोहोंच्या मधे आहे. मग एकेक कपलर (वायरींची प्लगसारखी जोडणी) मागे येत तीच मोजणी करा. ज्या ठिकाणी आकडा एकदम कमी होतो, त्याच्या आणि आधीच्या जागेच्या मधला जोड उघडा. अर्थिंगही असेच तपासावे. बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनचे आवरण यांत भाराखाली 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. एक इंडिकेटर लावल्यावर दुसरेही मंद लुकलुकत असतील, तर मोजण्याआधीच अर्थिंगवर संशय घ्या, कारण परतीची वाट न मिळालेला प्रवाह दुसऱ्या बल्बमधून वाट काढत असतो.

फ्यूजसाठी तर फार सोपा उपाय आहे. फ्यूज काढून त्याच्या दोन पात्यांच्या जागी तोच 21 वॉटचा बल्ब वायरींनी जोडा, किल्ली चालू करा, पण दिवे आणि हॉर्न बंद ठेवा. बल्ब मंद असेल किंवा पेटणारच नाही. मग हँडल सावकाश डावीकडे न्या. ज्या क्षणी बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटेल, त्या क्षणी वायर फ्रेमला टेकलेली आहे. हँडल तिथेच धरून कुणाला तरी हार्नेस (वायरींची जुडी) हातभर अंतराने हलवायला सांगा. बल्ब विझला की जागा सापडली. या पद्धतीत एकही फ्यूज वाया जात नाही. मात्र फ्यूज उडतो म्हणून मोठा बसवू नका. पात्याच्या फ्यूजमध्ये 15 अँपिअरचा निळा आणि 30 चा हिरवा असतो. निळ्याच्या जागी हिरवा बसवला, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, की आधी वायर जळते आणि तीसुद्धा पेट्रोलच्या टाकीखाली.

बॅटरी उतरण्याचे गणित असे मांडता येते. 5 अँपिअर-तासांची बॅटरी 50 मिलिअँपिअरच्या गळतीने शंभर तासांत, म्हणजे चार दिवसांत रिकामी होते. तुमचा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. किल्ली बंद करून बॅटरीची ऋण वायर सोडवा आणि मीटर 10 अँपिअरच्या खोबणीवर ठेवून मधे जोडा. आकडा 0.05 च्या आसपास असेल, तर एकेक कपलर सोडवत जा आणि तो कधी खाली येतो ते पाहा. मीटर मधे असताना सेल्फ चुकूनही मारू नका. अलार्म काढला तरी त्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा मोबाइल चार्जरची वायर थेट बॅटरीवर राहिलेली मी अनेक गाड्यांत पाहिली आहे.

चार्जिंग मोजायला एक मिनिट लागते: इंजिनचा वेग थोडा वाढवल्यावर बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळाले, की तो विषय संपला. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग बघण्याची जी सवय अनेकांना आहे, ती मात्र कुणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळून चांगले सीडीआयही निकामी होऊ शकते.

दुरुस्ती करताना जुना जोड पुन्हा पिळू नका. लख्ख तांबे लागेपर्यंत वायर मागे कापा. आत काळेपणा पुढेही गेलेला असेल, तर तेवढा तुकडाच त्याच जाडीच्या वायरने बदला. थिंबल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायचा धातूचा तुकडा) नीट दाबून त्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. हँडलच्या मानेपाशी जोड येऊ देऊ नका आणि तिथे सोल्डरचा डागही देऊ नका, कारण डाग दिलेली जागा कडक होते आणि सततच्या वळण्याने तिच्या कडेला तार तुटते. हार्नेस कंपनीच्या मूळ वाटेनेच न्या. आधीच्या मालकाने जवळचा रस्ता म्हणून ती मानेच्या पुढून ओढली असेल, तर डावीकडे वळताना फ्यूज का उडतो हे तुम्हाला तिथेच दिसेल.

काही उघडण्यापूर्वी प्रत्येक कपलरचा फोटो काढा आणि तुमच्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा मिळवा. नकाशात नसलेल्या रंगाची प्रत्येक वायर नंतरची समजावी. टेपचा गोळा उघडल्यावर आत जे दिसेल त्याचा फोटो, किल्ली बंद असतानाची गळती आणि हॉर्न दाबल्यावर सीडीआयपाशी मिळालेला व्होल्टेज, एवढे इथे कळवा. त्यावरून पुढे कुठे पाहायचे ते मी नेमके सांगू शकेन.