छोट्या, खालच्या डिव्हिजनमधल्या फुटबॉल क्लबच्या मॅनेजरची कामगिरी कशी मोजावी? विजयाची टक्केवारी पुरेशी आहे का?

नाही. आधी पगाराचं बजेट बघा. खर्चात विसावा असलेला क्लब टेबलात बारावा आला, तर मॅनेजरने चोख काम केलंय. ॲक्रिंग्टन स्टॅनली या छोट्या इंग्लिश क्लबचे माजी मॅनेजर जॉन कोलमन घ्या. तुटपुंज्या पैशांत त्यांनी २००६ मध्ये क्लबला फुटबॉल लीगमध्ये (प्रीमियर लीगच्या खालच्या तीन डिव्हिजन) नेलं, २०१८ मध्ये लीग टू (चौथी डिव्हिजन) जिंकली. २०२३ मध्ये संघ लीग वनमधून (तिसरी डिव्हिजन) खाली घसरला, पण तिथे पाच हंगाम टिकला होता! टक्केवारीत हे दिसत नाही. उलट बढती मिळाली की प्रतिस्पर्धी तगडे होतात आणि ज्याने बढती मिळवून दिली त्याचाच आकडा पडतो. बाकी, हंगामाच्या मध्यात चांगला स्ट्रायकर विकला गेला का, अर्धा संघ लोनवर (दुसऱ्या क्लबांकडून तात्पुरता घेतलेला) होता का, तेही तपासा.