शस्त्रसंधी झाला, झाली, की नुसतीच टाइमप्लीज?

प्रश्न असा आलाय: शाळेत २१ सप्टेंबरच्या शांतता दिनाचा फलक लिहायचाय, त्यात 'ऑलिंपिक ट्रूस'ला 'ऑलिंपिक शस्त्रसंधी' लिहिलं तर चालेल का, आणि पेपरात कधी शस्त्रसंधी 'झाला' असतं कधी 'झाली', कधी युद्धबंदी, कधी युद्धविराम, तर हे सगळं एकच ना?

एकच नाही हो, पण वापरतात सगळे एकच असल्यासारखं.

आधी झाला-झाली उरकून टाकू. संस्कृतात संधि पुल्लिंगी, शाळेत व्याकरणातला संधीसुद्धा आपण 'हा स्वरसंधी' असाच शिकलो. पण रोजच्या बोलण्यात संधी म्हणजे चान्स आणि ती 'ती', संधी मिळाली, संधी हुकली, जिभेला तेच वळण पडलंय मग शस्त्रसंधीपण 'झाली' होते. माझ्या भाचीने चौथीत असताना हेडिंग वाचून विचारलेलं, मामा, शस्त्रसंधी म्हणजे शस्त्र चालवायचा चान्स का? तेव्हा हसलो, पण 'शस्त्रसंधीचे उल्लंघन, सीमेवर गोळीबार' अशी बातमी आली की वाटतं पोरगी बरोबर होती. मी स्वतः 'झाला' लिहितो, 'झाली' लिहिणाऱ्याशी भांडत नाही.

मुळात संधी म्हणजे सांधा, संधिवातातला तोच. (शेवटी आला की दीर्घ, पुढे शब्द जोडला की ऱ्हस्व, फलक रंगवायच्या आधी बघून घ्या.) आणि सांधायचं म्हटलं की दोन टोकं आलीच. कौटिल्याने राजनीतीचे सहा गुण सांगितले त्यात पहिला संधी, आणि त्याची व्याख्या 'पणबंध', म्हणजे अटी घालून बांधलेला करार. त्यामुळे 'एकतर्फी शस्त्रसंधी' असं वाचलं की मला कसंसंच होतं, एका हाताने टाळी कुठली वाजायला!

तिथे युद्धबंदी चालतं. ही बंदी दारूबंदीतली, नाकाबंदीतली, ती एकट्यानेही करता येते. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली आणि दुसऱ्या दिवशी रात्री ८ पासून भारताने पश्चिम आघाडीवर आपणहून लढाई थांबवली, ती एकतर्फी युद्धबंदी. पण गंमत बघा, त्याच आठवड्यात आपल्या ताब्यात आले सुमारे ९३ हजार युद्धबंदी! ते युद्धबंदी म्हणजे कैदी. एक 'ती युद्धबंदी', दुसरे 'ते युद्धबंदी', आणि 'युद्धबंदीचा प्रश्न चिघळला' असं लिहिलं तर कुठला प्रश्न ते देवाला ठाऊक. म्हणून माणसांना सरळ युद्धकैदी म्हणावं. बाकी हा शब्द जुना मुरलेला आहे, १ जानेवारी १९४९ ला काश्मीरमधली लढाई थांबली त्यातून आली ती 'युद्धबंदी रेषा', सिमला करारानंतर १९७२ मध्ये तिचीच, थोडी इकडेतिकडे होऊन, नियंत्रण रेषा झाली.

मग शस्त्रसंधी कुठे फिट बसतो? कोरियात. २७ जुलै १९५३, पानमुनजोम, सकाळी १० ला सह्या आणि अंमल रात्री १० पासून, म्हणजे सह्या झाल्यावरही बारा तास तोफा चालवायला मोकळीक होती. सह्या संयुक्त राष्ट्रांच्या कमांडच्या, उत्तर कोरियाच्या आणि चिनी बाजूच्या, दक्षिण कोरियाने सही केलीच नाही. मध्ये चारेक किलोमीटर रुंदीचा पट्टा दोघांनी सोडायचा, हे सगळं कागदावर. हा शस्त्रसंधी, शस्त्रांचा सांधा. पण तह अजून झालेला नाही, सत्तर वर्षं उलटून गेली तरी नाही. तहात देणंघेणं ठरतं. पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यायचे आणि १२ राखायचे असं ठरलं तसं. पहिल्या महायुद्धात बंदुका थांबल्या ११ नोव्हेंबर १९१८ ला आणि व्हर्सायचा तह झाला २८ जून १९१९ ला, मधले सात-साडेसात महिने नुसत्या शस्त्रसंधीवर काढले.

आता तुमचा ऑलिंपिक ट्रूस. ह्याचं मूळ ग्रीक नाव एकेखेइरिया, हात आणि धरणे ह्या दोन शब्दांचं, म्हणजे आपल्याकडे भांडणाऱ्या पोरांना आई ओरडते ना 'हात आवर', अगदी तेच. त्यात ग्रीसमधली सगळी युद्धं थांबायची असं नाही हं, खेळाडूंना नि यात्रेकरूंना वाटेत कुणी हात लावायचा नाही, एवढंच मुख्य. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९३ मध्ये ही प्रथा परत उचलली, आता मुदत असते ऑलिंपिकच्या सात दिवस आधीपासून पॅरालिंपिकनंतर सात दिवसांपर्यंत. पाळतात का? २०२२ ला बीजिंगचे हिवाळी खेळ २० फेब्रुवारीला संपले, पॅरालिंपिक ४ मार्चला सुरू व्हायचं होतं, आणि मधल्या २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला.

ह्याहून छोटी मुदत एल साल्वादोरमध्ये होती. १९८५ मध्ये युनिसेफच्या प्रयत्नांनी तिथलं यादवी युद्ध तीन वेगवेगळ्या दिवशी एकेक दिवस थांबवलं, कशासाठी, तर पोरांना लस टोचायला! दुसऱ्या दिवशी परत सुरू. ह्याला शस्त्रसंधी म्हणणं फारच भारदस्त होईल, मी तर म्हणेन युद्धाने खाडा केला.

आणि खरं सांगू का, ट्रूसला नेमका शब्द आपल्याकडे पोरांनी कधीच करून ठेवलाय, टाइमप्लीज! पकडापकडीत चपलेचा अंगठा निसटला की मूठ तोंडाशी नेऊन 'टाइमप्लीज', मग राज्य असणारा आउट करू शकत नाही, चप्पल नीट झाली की खेळ जिथल्या तिथे पुढे चालू, राज्य त्याच्यावरच. भांडण मिटलं असं त्यात कुणी समजत नाही. मिटवायला वेगळा शब्द आहे, बट्टी, आणि ती तहासारखी, कट्टी मोडून घ्यायची असते.

तर फलकावर 'ऑलिंपिक युद्धविराम' लिहा. विराम स्वल्प की पूर्ण हे तो शब्द सांगत नाही, ते इथे पथ्यावरच पडतं. २१ सप्टेंबर हा जगभर लढाया थांबवायचा दिवस असं २००१ च्या ठरावात म्हटलंय, तिथेही युद्धविरामच बसेल. आणि पोरांना समजावून सांगताना टाइमप्लीज म्हणा, शिक्षक नाक मुरडतील, पोरांना लगेच कळेल.